भरावाखालचा खुंटा

बान नोंगखाम,
८ मार्च

साईबुआताईस,

हात जोडून नमस्कार. आई बरी आहे, गुडघे सोडून. अजूनही रोज सकाळी भिक्खूंना चिकट भात वाढल्याशिवाय घास घेत नाही. भाऊजींची पाठ आता कशी आहे?

टोर्बेन ठीक आहे. परवा त्याने बाजारात खारवलेल्या माशांवरून घासाघीस केली, तर सगळ्या बायका हसत सुटल्या. तू त्याला ‘तुझा गोरा नवरा’ म्हणून हिणवतेस, पण तो मात्र तुझी चौकशी करतो हो.

आता कामाचं. गुरुवारी मोजणीदार येणार आहेत. टोर्बेनला या घरात मरेपर्यंत राहायचा हक्क नोंदवून द्यायचा आहे. घर त्याने बांधलं, पण आपल्या देशात परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. मी आधी गेले तर जमीन आपल्या माणसांकडे जाईल आणि अडुसष्टाव्या वर्षी हा पिशवी घेऊन रस्त्यावर. जमीन कार्यालयातल्या बाईंनी हे त्याला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून तो रोज घराची कागदपत्रं काढून बसतो.

शेजारच्या तुकड्याची मालकीण म्हणून तुझी सही लागेल. एवढंच काम आहे, असं मी त्याला सांगितलं होतं.

ताई, एवढंच नाही. कसं लिहू कळत नाही.

आईने वाटणी केली तेव्हा हद्दीवर सरकारी खुंटे ठोकले होते, आठवतं? नऊ वर्षांपूर्वी घरासाठी मातीचा भराव घालायचा होता. त्याआधी गावात पूजा सांगणाऱ्या आजोबांनी पहिल्या खांबाची जागा दाखवली. खुंट्याच्या पलीकडे दोन पावलं, तुझ्या जमिनीत. म्हणाले, “फिकून, इथे खांब उभा राहिला तर या घरातला माणूस घर सोडून जायचा नाही.” माझा पहिला नवरा कसा निघून गेला, तुला माहीतच आहे. जागा तुझी आहे हे टोर्बेनला न सांगता मी तिथेच खांब घ्यायचं ठरवलं.

मातीची गाडी आली. ड्रायव्हरने विचारलं, “मावशी, खुंटा उघडा ठेवू का?” मी म्हटलं, “टाक माती.”

तो खांब आणि सगळं स्वयंपाकघर तुझ्या जमिनीवर आहे. खांबावर अर्धं छप्पर आहे. गुरुवारी माती उकरली की सगळं उघडं पडेल. तू हरकत घेतलीस तर टोर्बेनची नोंद होणार नाही, आणि तुला कोण नावं ठेवणार?

आज सकाळी त्याला सांगून टाकलं. त्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, “तेव्हाच बोलली असतीस तर खांब दोन पावलं अलीकडे घेतला असता. मी कुठे जाणार होतो?”

मी ताट उचललं आणि हे पत्र लिहायला बसले.

ताई, सही कर किंवा करू नकोस, पण ये. काय बोलायचं ते मला बोल, त्याच्या देखत बोल. त्याला मात्र घराबाहेर काढू नकोस. चोरी माझी आहे, त्याची नाही.

तुला फसवून तुझ्याच दारी आलेली,
फिकून