चाळीस गुलाबी पुंगळ्या

लुइसटाउन, ६ ऑक्टोबर

प्रिय लाइल भावोजी,

तुम्हांला आणि आयर्माला नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे माझं पित्त आणि मांजर दोन्ही ताळ्यावर आहेत.

माझा ऑर्विल गेल्यावर एप्रिलमध्ये तुम्ही त्याचं काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घासायचं यंत्र घेऊन गेलात (मीच "न्या एकदाचं" म्हणाले होते, विसरलेले नाही), त्यामुळे मला नवा टंबलर, म्हणजे तसलंच यंत्र, घेणं भाग पडलं. हे आयर्माला फोनवर सांगितलं, तर तिने काचेचे सहा पेले पाठवले. सुंदर आहेत, आभार सांगा. पण येत्या पंचवीस तारखेला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, आणि ऑर्विलच्या बंदुकीतून, त्याने जपून ठेवलेल्या साठ रिकाम्या पुंगळ्यांपैकी एकीत मी स्वतः दारू भरून यंदा बार काढणार आहे. दुकानात तयार काडतुसं मिळतात हे मला ठाऊक आहे. तो विषय नको.

बंदुकीच्या दुकानातला गॉर्डी म्हणाला, "बर्नी, यंत्रं दोन तऱ्हेची. एक नुसतं थरथरतं, त्यात अक्रोडाच्या कवचाचा भुसा. पितळ पुसून निघतं. दुसरं पिंपासारखं फिरतं, त्यात पाणी, साबण, पोलादी काड्या आणि चिमूटभर लिंबूसत्त्व. पितळ नवरीसारखं निघतं." मी म्हणाले, "नवरीच दे."

पितळाच्या बाबतीत मला कुणी शिकवावं अशी वेळ अजून आलेली नाही. सिस्टर फिलोमिनांच्या हाताखाली आठ वर्षं मी वेदीवरच्या मेणबत्तीदाण्या घासल्या आहेत (थंडीत बोटं फुटायची, मग त्या स्वतःच्या खिशातलं मलम लावून द्यायच्या, तो कापराचा वास मला अजून येतो). लिंबाला हात आखडायचा नाही, ही त्यांची शिकवण. चिमूटभर कसली, मी अर्धा कप टाकलं आणि यंत्र फिरत ठेवून चर्चमध्ये सामुदायिक जेवणाला गेले. परत येऊन झाकण उघडते तो चाळीसच्या चाळीस पुंगळ्या गुलाबी! लाजल्यासारख्या.

गॉर्डीने एक उजेडात धरली. "बाई गं, आंबटाने यातलं जस्त खाल्लं, पितळ ठिसूळ झालं. यात दारू भरलीस तर हरीण वाचेल, तुझं सांगता येत नाही."

पिंपात न मावलेल्या वीस तेवढ्या वाचल्या. तरी माझी निवड चुकली असं मी म्हणणार नाही. यंत्र उत्तम, लिंबू जास्त. कुणी विचारलं तर बेलाशक ओलंच घ्यायला सांगा.

तुमची,
बर्नडीन

ता. क. ओलं यंत्र काल गॉर्डीला परत केलं.

ता. क. २. ते फार हळू बोलतं. गॅरेजमधल्या ऑर्विलच्या त्या जुन्या थरथरीवर मी चौतीस वर्षं ओरडले, कारण जपमाळेच्या ऐन मध्यावर ती सुरू व्हायची. आता माळ एका दमात संपते आणि पुढे अख्खी संध्याकाळ उरते. भावोजी, ते यंत्र मला परत हवंय. आतला भुसा बदलू नका, तो त्याने भरलेला आहे. झाकणाला बांधलेला त्याचा कमरेचा पट्टाही तसाच राहू द्या.

ता. क. ३. विसांतल्या दहा पुंगळ्या तुमच्या. हंगामाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारीच यंत्र घेऊन या, आयर्मालाही आणा, पेले आहेतच. आलात की बेल वाजवू नका. आधी गॅरेजमध्ये जाऊन ते सुरू करा. मी आतून ओरडेन.