अण्णांचा सातबारा

मंगळवार, संध्याकाळ

"जामीनदार कोण?" कोर्टात विचारलं, तिथेच सगळं बदललं. माझ्या सायलीवरून मारामारी केली मी, म्हणून अटक. पप्पा लातूरहून आलेले, इथे आमची खोलीसुद्धा भाड्याची. कोर्टाच्या गेटवरचा भाडोत्री जामीनदार आठ हजार मागत होता. तेवढ्यात सायलीचे वडील, अण्णा, माझ्या जामिनासाठी चाकणच्या जमिनीचा सातबारा घेऊन आले.

"पैसा नको मला. पोरीला फोन करायचा न्हाई, तिचा उचलायचा न्हाई. न्हाईतर जामीन काढून घेतो, मग बस आत."

पप्पा पाया पडले त्यांच्या. मी हो म्हणून मान हलवली. का हलवली? आठ हजार स्वस्त पडले असते राव. तो सातबारा डोळ्यांपुढून जात नाही.

फोन वाजतोय. तीच आहे. फोन गादीवरच ठेवून, दार ओढून घेऊन बाहेर पडतोय.