रुमालाची उलटी बाजू

प्रिय आई,

वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं?

आकडे दोऱ्यांसारखे जोडून दाखवायची माझी चित्रपद्धत आठवते? वीस वर्षांनंतरही ती सगळीकडे वापरतात, म्हणून काल तिला मोठा सन्मान मिळाला. घ्यायला माझे तेव्हाचे संशोधनाचे सर एकटेच गेले. माझं नाव गाळलं, तेही मी गिळलं. पण ते माईकवर म्हणाले, "माझ्या आईच्या भरतकामाची उलटी बाजू बघून मला हे सुचलं."

आई, ज्याची उलटी बाजू बघून मला हे सुचलं, तो भरतकामाचा रुमाल तुझा! त्यांच्या आईला साधं बटण लावता येत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. एवढंच सांग, की भरल्या सभागृहात तुझ्या रुमालासाठी टाळ्या वाजल्या. ते खोटं नाही.

तुझी खरी लेक