आठवड्याला अर्धा किलो

प्रिय मुंगे,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आकडे तर सगळे बरोबर दिसतायत, मग वजन का हलत नाही? काटा बिघडलाय का?" मी काही बोलायच्या आत डेपोतून तुला कुणीतरी हाक मारली, तू "नंतर करते" म्हणालीस, आणि ते ‘नंतर’ अजून यायचंय. म्हणून हे पत्र. हल्ली आपण बापलेक फोनवर नुसते आकडे बोलतो. पत्राला कुणी हाक मारून उठवत नाही, ते निवांत तुझ्या मांडीवर पडून राहील. आधी काट्याचं सांगतो. ज्या माणसाने उभी हयात दुकानादुकानांतून वजनं तपासत घालवली, त्याच्या न्हाणीघरातला काटा बिघडलाय असं त्याच्या पोटच्या पोरीने म्हणावं! तरी तुझ्या शब्दाखातर ती पितळी वजनांची पेटी काढली, निवृत्त होताना कचेरीने मोडीतली म्हणून दिली होती ती. वजनं फडक्याने धरून एकेक काट्यावर ठेवली. (उघड्या बोटांनी धरायची नाहीत, बोटांचा घामही वजनाला चिकटतो, हे तुला लहानपणी किती वेळा सांगितलं असेल.) काटा खरा आहे. खोट असलीच तर ती वर उभ्या राहणाऱ्यात.

गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेलो होतो तो दिवस तुला आठवतो ना? मिशा खलनायकाच्या आणि बोलणं मावशीसारखं. हाडाचा फोटो उजेडात धरून म्हणाला, "काका, गुडघा मी बदलून देतो, पण आधी वजन उतरवा. एक जादाचं माणूस अंगावर घेऊन जिने चढताय तुम्ही." तू हसलीस. मी मागे वळून पाहिलं. तुला वाटलं, दाराशी कुणी आलंय म्हणून पाहिलं असेल. नाही, दाराशी कुणी नव्हतं. पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरलं नाही तर शस्त्रक्रिया नाही, आणि शस्त्रक्रिया नाही तर हे तीन जिने मला फार दिवस चढवायचे नाहीत. मग तुझ्या घरची तळमजल्यावरची खोली. तू ती रंगवूनही ठेवलीस, हे जावईबापूंनी सांगितलं. रंग कुठला ते मात्र त्यांना सांगता येईना. माणूस भला आहे, पण रंगांच्या बाबतीत अगदी ठार आंधळा.

मग ती आहाराची मुलगी. तिच्या टेबलावर प्लास्टिकचा बटाटा होता, प्लास्टिकचं अंडं होतं, आणि पावाच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर कुणाचे तरी दात उमटलेले होते. वय, उंची, वजन, दिवसाकाठी किती चालता, सगळं विचारून तिने हिशेब मांडला. तुमच्या शरीराला रोज इतकं लागतं, त्यातून थोडं वजा करायचं, की उरल्या सोळाशे कॅलरी. तेवढ्याच रोज खायच्या. "आठवड्याला अर्धा किलो, आजोबा. सावकाश. घाईने उतरलेलं वजन घाईनेच परत चढतं." मला आमचे कवितेचे मास्तर आठवले. बोटांची पेरं मोजत लघु-गुरू पाडायला लावायचे. आधी कविता कानात मुरू द्या म्हणायचे, मग मोजा. खिडकीतून उन्हाची तिरीप फळ्यावर यायची, चाळीस पोरं एका चालीत म्हणायची आणि बाक हिंदकळायचे. मी त्या मुलीला म्हटलं, तुमच्या कॅलरी म्हणजे आमच्या मात्राच की, एक जास्त झाली तर ओळ लंगडते. ती म्हणाली, "तुमची ओळच लंगडतेय आजोबा, म्हणून तर आलात." चांगली आहे पोरगी. तू विचारलंस, एकूण किती उतरवायचं? ती म्हणाली, चौदा किलो. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये तू म्हणालीस, "घाबरलात? एकट्याने कंटाळा येतो, मीही करते तुमच्याबरोबर." तुझ्या अंगावर उतरवण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक. पण बरं वाटलं. तू दोघांच्या फोनात ती खाल्लेलं लिहिलं की भरत जाणारी वर्तुळं बसवून दिलीस, शेजारी शेजारी, एक तुझं आणि एक माझं.

चौदा किलो. आजारपणात तुझी आई तेवढीच गेली होती. आठवड्याला अर्धा किलो, सावकाश. तेव्हाच्या डॉक्टरने हेच शब्द उच्चारले होते, नुसता चेहरा वेगळा होता. तेव्हाही तू आकडा ठरवला होतास, पण तो चढणीचा. दिवसाला एवढं पोटात गेलंच पाहिजे. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तू लोण्याचा गोळा तोलायचीस, सुपात साय लपवायचीस, बटाट्यात अंडं. ती तीन घास खायची, आणि एका बोटाने ताटली माझ्याकडे सरकवायची. "अहो, एवढं संपवा. टाकायचं नाही." मी रागावलो की म्हणायची, "तुम्ही खाल्लंत की माझ्याच अंगी लागतं. बघा, कशी गुटगुटीत दिसतेय!" आणि गाल फुगवून दाखवायची. तू चमचा आपटून गॅलरीत निघून जायचीस. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही हो. तू गेलीस की म्हणायची, "मुंगी चिडली की अगदी मुंगीच दिसते, दोन मिशा तेवढ्या कमी." दर रविवारी ती माझ्या खांद्याला धरून काट्यावर चढायची आणि आम्ही दोघं खाली वाकून पाहायचो. तिला चष्मा नसायचा, म्हणून आकडा मला वाचावा लागायचा.

ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नेहमीसारखा भात टाकला. हाताला दोघांचंच माप माहीत. ताटल्याही दोन घेतल्या गेल्या. माझी संपली, दुसरी तशीच वाफाळत राहिली. टाकायचं नाही, हे तर कानात होतंच. मी उठलो, टेबलाला वळसा घातला आणि तिच्या खुर्चीत बसून खायला लागलो. आता जे लिहितोय ते फोनवर मला बोलता आलं नसतं. त्या ताटलीतलं अन्न वेगळं लागतं, मुंगे. एकाच पातेल्यातलं, एकाच डावाने वाढलेलं, तरी माझ्यात मीठ बेताचं असतं आणि तिच्यात कमी. मी जन्माचा भरभर जेवणारा, पण त्या खुर्चीत बसलो की जबडा आपोआप मंदावतो. घास बारीक होतात. आणि निम्मं झालं की माझं बोट ताटली पुढे सरकवतं, समोरच्या माझ्या रिकाम्या खुर्चीकडे. मग मी पुन्हा उठतो, वळसा घालून माझ्या जागी येतो आणि उरलेलं संपवतो. असं रोज, दोन्ही वेळा. वेड लागलंय म्हणशील. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पुढे वाटेनासं झालं.

जेवण झालं की भांडी विसळताना मी कविता म्हणतो. ती पाचवीतली, पूर आलेल्या नदीतून होडी नेणाऱ्या म्हाताऱ्याची. आम्हा दोघांनाही होती, शाळा वेगळ्या, पुस्तक एकच. चाल मात्र दोन्ही शाळांची निराळी, त्यावरून आमची लग्नानंतरची पहिली भांडणं झाली. तिसऱ्या कडव्यातली दुसरी ओळ मला कधीच आठवत नाही. ती आतून ओरडून पुरवायची. आता मी तिथे येऊन थांबतो. मुद्दाम नाही, खरंच येत नाही. नळ बंद करतो. घर इतकं शांत होतं की शेजारच्या खोलीत कुणी श्वास घेऊन बोलायच्या बेतात आहे असं वाटावं. आणि मग कधीकधी ओळ येते. माझ्याच तोंडून येते, पण चाल तिच्या शाळेची असते.

तेव्हा वजन का हलत नाही, ते तुला कळलं असेल. ती दुसरी ताटली मी तुझ्या यादीत कधी लिहिली नाही. लबाडी म्हणून नव्हे. फोन विचारतो, ‘आज तुम्ही काय खाल्लं?’ मी जे खाल्लं ते मी लिहितो. ते मी खाल्लेलं नव्हतं, एवढंच. तिच्या अंगी लागत होतं, मला चढत होतं. जिना चढताना गुडघा कुरकुरला की मी मनात म्हणायचो, दमानं घ्या, दोघं आहोत.

पण तू एवढी मागे लागलीस म्हणून मागच्या आठवड्यात मी नेमाने एकाचंच शिजवलं. एक वाटी तांदूळ माझ्या एकट्याच्या दोन वेळांना, एक बटाटा, एक अंडं, थोडं दही. एकच ताटली. समोरच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. भूक फारशी लागली नाही, हे नवल. फक्त जेवताना मागे दाराशी कुणीतरी ताटकळत उभं आहे असं वाटायचं, आपण पाहुण्यांना बसा म्हणायला विसरलो की पाठीला जसं वाटतं तसं. आठवडाभरात कवितेची ती ओळ एकदाही आली नाही. रविवारी काट्यावर उभा राहिलो. अर्धा किलो उतरलं होतं. अगदी त्या मुलीने सांगितल्याबरहुकूम. तू असतीस तर टाळ्या पिटल्या असत्यास. मी मात्र खाली वाकलेला तसाच राहिलो. तो काटा तेवढाच मागे सरकताना मी याआधीही पाहिला होता, याच फरशीवर, खांद्यावर तिचा हात असताना. तेव्हा मी तिला आकडा वाचून दाखवायचो. त्या दिवशीही तो मी मोठ्याने वाचला. आणि मनात आलं, हे अर्धा किलो गेलं ते कुणाचं गेलं? माझं की तिचं? त्या संध्याकाळी पुन्हा दोघांचं शिजवलं. वजन उतरवावं तर ती थोडी थोडी करून पुन्हा जाते. न उतरवावं तर हे घर सुटतं, हे टेबल सुटतं आणि ती एकदमच जाते. दोन्हीकडून जाणारी तीच. अशा कात्रीत मी सापडलोय.

एरवी मी असाच राहिलो असतो, खोटं कशाला बोलू. तुला काटा बिघडलाय म्हणून सांगितलं असतं आणि खात राहिलो असतो. पण माझ्या वर्तुळाशेजारी तुझं वर्तुळ आहे ना. सुरुवातीला मला मौज वाटायची, मुंगीने बापाला हरवलं, रोज माझ्याहून कमी. मग ते निम्म्यावर आलं. मग निम्म्याच्याही खाली. परवा आहाराच्या त्या मुलीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, चाळिशीची बाई, उभी राहून दिवसभर काम करणारी, तिला इतकंच पुरतं का हो? तिने पेन खाली ठेवलं. "कुणासाठी विचारताय, आजोबा?" म्हटलं, ओळखीची एक मुलगी आहे. म्हणाली, "तिला उद्याच घेऊन या." मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा "खाऊन आलेय" म्हणालीस. पाणी प्यायला हात वर केलास, तुझं घड्याळ मनगटावरून घसरत पार कोपरापर्यंत गेलं, आणि तू ते न बघताच पुन्हा खाली ओढलंस. तुझ्या आईच्या बांगडीचं असंच व्हायचं आणि तीही बघायची नाही. काल जावईबापूंचा फोन होता. आधी हवा-पाणी झालं, मग दबक्या आवाजात म्हणाले, "बाबा, ती डबा नेते आणि भरलेलाच परत आणते. विचारलं की चिडते. तुम्ही बोलाल का?" शंभर ड्रायव्हरांच्या जेवणाच्या सुट्ट्या वेळापत्रकात बसवणारी माझी पोर. तू त्या वर्तुळात शिरलीस ती माझ्या सोबतीसाठी, की आईला भरवता आलं नाही त्याची शिक्षा तू स्वतःला देत्येस, ते मी विचारत नाही. काल रात्रभर मला एकच दिसत होतं. खाली वाकून आकडा वाचणारा मी, आणि खांद्यावर तुझा हात.

म्हणून हे पत्र लिहिलं, मुंगे. उपदेश करायला नाही. बोलावणं करायला. येत्या रविवारी ये. एकटीच ये, आणि खाऊन येऊ नकोस. मी दोघांचाच भात टाकीन, मला दुसरं माप येतही नाही. माझी ताटली मी त्या मुलीच्या हिशेबाने वाढून घेईन, बरोबर तेवढीच, आणि उठून टेबलाला वळसा घालणार नाही. दुसरी तुझ्यापुढे ठेवीन. तिच्या खुर्चीत तू बस. दोन घास खाल्लेस तर दोन, मी मोजणार नाही आणि तूही मोजायचं नाहीस. तू बसलीस की तुझी आई कुठे जाऊन बसेल ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय. पण ती ताटली आता मला खाववत नाही आणि टाकवत तर नाहीच. तुझ्यापुढे वाढता येईल. दार लोटलेलंच ठेवतो. जिना चढताना हाक मार, म्हणजे भाताखालचा गॅस बंद करीन.

तुझीच वाट पाहणारा, तुझाच,
बाबा