मर्विनचं शेवटचं वाक्य

मिल्बर्न, नेब्रास्का
१ जून १९६७

प्रिय ड्वेन,

नीट पोहोचलास ना? इकडे बरं आहे. आईचा गुडघा धरलाय, तरी सफरचंदाचा गोड ‘पाय’ तिनेच भाजला. मला ओव्हनजवळ फिरकू देईल तर ना! तुझा लेक रोडनी मक्यात राबतो आणि तिघांचं जेवतो.

फोनच करणार होते, पण आमच्या सामाईक लाइनवर शेजारची सगळी घरं कान लावून असतात.

स्मृतिदिनाचं तुझं भाषण यंदाही गाजलं. परेड संपली की माजी सैनिकांच्या हॉलमध्ये आपला मर्विन कोरियाच्या लढाईत कसा गेला ते तू सांगायचं, हा आता गावाचा रिवाजच झालाय. ‘मला सोडा, टेकडी घ्या. आईला सांगा, मी मागे वळलो नाही.’ बायका रुमाल काढतात. मीही काढते.

पण ड्वेन, तो पिक्चर आपण दोघांनी मिळून पाहिला होता रे. तू कोरियाहून आलास त्या उन्हाळ्यात, ड्राइव्ह-इनला, बाबांच्या गाडीत. त्यातला सार्जंट हेच म्हणत मरतो. तेव्हा तू स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलास आणि मर्विन खरं तर जीप उलटून गेल्याचं मला सांगितलंस. पुढे आईला मात्र पिक्चरमधलं सांगितलंस, आणि मी गप्प बसले. गावालाही तेच हवं होतं. अमेरिकेचा मुलगा असाच मरतो, असं इथे सगळे धरून चालतात.

काल जेवताना रोडनी म्हणाला, सोमवारी भरतीच्या कागदावर सही करणार. व्हिएतनामला जायचंय त्याला. “काका मागे वळला नाही, मग मी कसा वळू, आत्या?”

“अरे, असं मरण तिकीट काढून पिक्चरमध्येच बघायला मिळतं!”

“म्हणजे बाबा खोटं सांगतात?”

तो उठून गेला.

मग आई हळूच म्हणाली, “ड्वेन सांगतो छान. पण माझा मर्विन घाबरला की तोतरा व्हायचा. ‘आई’ म्हणायलासुद्धा धडपडायचा बिचारा. एवढं लांबलचक तो एका दमात कुठला बोलायला? ड्वेनला असं काही रचावं लागलं, म्हणजे तिथे फार वाईट झालं असणार. म्हणून मी कधी विचारलं नाही गं.”

इतकी वर्षं तिने तुला सांभाळून घेतलं, ड्वेन. आपल्याला वाटत होतं, आपणच तिला सांभाळतोय.

सोमवारच्या आत ये. जीपचं रोडनीला तूच सांग. माझ्या तोंडून त्याला पटणार नाही. आईही ऐकायला बसणार आहे.

तुझी, आणि मर्विनचीही बहीण,
ऑर्लीन