भिंगरीच्या कपाळावरचं टेंगूळ

आदरणीय व्याहीसाहेब,

सप्रेम नमस्कार. विहीणबाईंनाही सांगावा. (साष्टांगच घातला असता, पण खाली गेलेल्या मला वर कोण काढणार?) तुमचा गुडघा आता बरा असेल. असला तरी जिना चढू नये.

आधी हे, की घाबरू नका, आपली नात भिंगरी ठणठणीत आहे. (पत्राची सुरुवात अशी केली की माणूस हमखास घाबरतो, असं सूनबाईंनी बजावलं होतं, पण तोवर लिहून झालं होतं.) परवा दुपारी मी तोंडावर पेपर घेऊन वाचत पडलो होतो. तेवढ्यात तिने माझ्या टेबलावरून खाटेवर उडी घेतली. खाट तिच्या हिशेबापेक्षा वीतभर लांब निघाली. कपाळ कठड्यावर आपटलं आणि बघता बघता लिंबाएवढं टेंगूळ आलं. तिने भोकाड पसरलं आणि मग एकदम गप्प झाली. व्याहीसाहेब, पाच वर्षांत हे घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. सूनबाईंनी तिला उचललं आणि आम्ही होतो तसे दवाखान्यात धावलो. (माझ्या एका पायात चिरंजीवांची चप्पल होती, हे तिथल्या बाकावर बसल्यावर कळलं.)

मुलांच्या डॉक्टरबाई तरुण, पण शांत. किती उंचीवरून पडली, लगेच रडली का, उलटी झाली का, शुद्ध हरपली होती का, सगळं विचारलं. डोळ्यांत टॉर्च मारला, मान, हात, पाय चाचपले, फरशीच्या रेघेवरून चालवलं. मग म्हणाल्या, "हिचं वागणं नेहमीसारखं आहे ना?"

इथे आमच्यात फूट पडली. सूनबाई म्हणाल्या, "अजिबात नाही, वाटेत मला थँक्यू म्हणाली." भिंगरीची आजी म्हणाली, न पळता केस विंचरू दिले, नक्कीच मेंदूला मार आहे. मी म्हणालो, नाक माझ्या सदऱ्याला पुसलंय, म्हणजे काळजी नाही. डॉक्टरबाईंनी आमचा नाद सोडला आणि तिच्यापुढे तीन बोटं धरली. "किती?"

"पाच. दोन मिटलीयत."

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. डोक्याच्या फोटोची गरज नाही म्हणाल्या. गार पट्टी ठेवा, एक दिवस लक्ष ठेवा. उलट्या झाल्या, तोल गेला किंवा झोपेतून उठेना, तर ताबडतोब आणा. आम्ही आळीपाळीने पहारा दिला. काल सकाळी तिने माझ्या चष्म्याची काडी मोडली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आपला,
भिंगरीचा इकडचा आजोबा

ता.क. उडी का मारली, हे तिने डॉक्टरबाईंना सांगितलं नाही, माझ्या कानात सांगितलं. "तिकडचे आजोबा माझ्याएवढे असताना झाडावरून मारायचे." तेव्हा कृपा करून तिला लिहावं, की ते झाड नव्हतं, दारातली पायरी होती. (खोटं लिहिणं जिवावर आलं, तर नातीकडे बघून लिहावं.)

पुन्हा ता.क. लवकर लिहावं. तुमच्या झाडाचं ऐकून मला राहवलं नाही. मी पाण्याच्या टाकीवरून मारायचो, असं बोलून गेलो. माझ्या टाकीची बादलीही तुम्हीच करून टाका, मला स्वतःला ते जमणार नाही. ती आत्ता चप्पल घालून दारात उभी आहे. टाकी दाखवा म्हणते.