पत्र्याच्या शेडची वास्तुशांती

मु. पो. धोंडगाव,
ता. मानवत, जि. परभणी

आदरणीय साडूभाऊ व्यंकटराव यांना धाकट्या साडूचा, म्हणजे महारुद्रचा, गुडघ्याला हात लावून रामराम. (पायाला लावला असता, पण तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्या घरात तुमचं नाव निघालं की आधी गुडघाच आठवतो.) नवीन वाटी अंगाला मानवली का? डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केली होती ती उठली का? तुमच्या चारठाण्यात लग्नाच्या पंगती खुर्चीवर होत नाहीत हे मला माहीत आहे, तेव्हा हा प्रश्न मी सहज विचारलेला नाही. आक्कांना नमस्कार सांगा. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे गेल्या दोन महिन्यांत मला इतके धक्के बसलेत, की आता दाराची कडी वाजली तरी मी आधी खाली बसून घेतो आणि मग कोण आहे ते विचारतो.

खिशात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. मध्यंतरी तुमच्या फोनवर माझा एक फोटो आला असेल. त्याखाली 'हा इसम फसवा असून पैसे घेऊन पळाला आहे' असं लिहिलेलं असेल. फोटो माझाच आहे, पळालो मात्र मी नाही, मी इथंच ओसरीवर बसलेला आहे. त्याची हकिकत पुढे येईल. तेव्हापासून माझा फोन बंद करून कपाटात ठेवलाय, आणि राजेश्रीच्या, म्हणजे तुमच्या मेव्हणीच्या, फोनवरून तुमच्याशी बोलावं तर ती समोर उभी असते. जे बोलायचं ते तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र.

तर मूळ गोष्ट अशी, की राजेश्रीला मिरची कांडायची मशीन घ्यायची आहे. आमच्या गावात कांडप नाही. उन्हाळा लागला की बाया वाळलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन मानवतला जातात, आणि जीपवाला पिशवी बघितली की गाडीच थांबवत नाही. (त्याचाही दोष नाही. मागं एकदा पिशवी फुटली आणि सगळी जीप पाथरीपर्यंत शिंकत गेली.) राजेश्रीनं शेळ्या विकून अन् शिवणकाम करून वीस हजार जमवले, परभणीच्या एका दुकानात मशीन पसंत केली, पाच हजार बयाणा दिला. अक्षय तृतीयेपर्यंत उरलेले पैसे दिले नाहीत तर मशीन शेजारच्या गावच्या माणसाला जाणार आणि बयाणाही बुडणार. कमी पडत होते चाळीस हजार. तिनं ते सांगितलं तेव्हा मी जेवत होतो, आणि वांग्याची भाजी फार चांगली झाली होती, त्या भरात मी म्हणालो, चाळीस हजार म्हणजे काय, मी आठवड्यात कर्ज आणून दाखवतो. माझ्यावर विश्वास ठेवून तिनं त्याच दिवशी मशीनला जागा म्हणून अंगणात पत्र्याचं शेडही ठोकून घेतलं. आईनं तेव्हाच बजावलं होतं, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं करायलास बघ म्हारुद्रा." पण मी हसलो.

आधी बँकेत गेलो. तुम्हाला माहीतच आहे, मी आयुष्यात कुणाचा एक रुपया घेतलेला नाही. जमीन आईच्या नावावर, पीककर्जही आईच्या नावावर, मी आपला स्वच्छ. छाती पुढं काढून साहेबांना तेच सांगितलं. मला वाटलं, ऐकून ते उठून हात मिळवतील. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, तुमचा सिबिल स्कोअर उणे एक आहे. साडूभाऊ, उणे एक! शून्यसुद्धा नाही! शाळेत गणितात मला शून्य पडले होते, पण शून्याच्या खाली मास्तरांनी कधी नेलं नव्हतं. साहेब म्हणाले, तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही, तर तुम्ही फेडता की नाही हे आम्हाला कसं कळणार? म्हणजे आमच्या गावात ज्यानं तीनदा घेऊन दोनदा फेडलं त्याला मान, आणि ज्यानं कुणापुढं हात पसरला नाही तो बेपत्ता. मी खुर्चीवरून उठलो तो तडक बाहेर आलो. बाहेरच्या चहावाल्यानं पैसे नंतर द्या म्हटलं तेव्हा बरं वाटलं, निदान एकानं तरी विश्वास ठेवला.

मग फायनान्सवाला आला. मोटारसायकल, बॅग, गोड जीभ, मला काका म्हणाला. म्हणाला चौदा टक्के फ्लॅट. मी फ्लॅट म्हणजे काय विचारलं, तर त्यानं जे सांगितलं त्यानं माझा घास घशात अडकला (तो आमच्याच पोह्यांचा होता). म्हणजे आपण हप्ते भरत भरत अर्धं मुद्दल फेडलं, तरी व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर चालूच! अर्धी भाकरी खाऊन झाली तरी टोपल्यात पूर्ण भाकरी आहे असं धरून चालायचं. शिवाय चाळीस मागितले तर हातात छत्तीसच, बाकी विमा अन् फाईलचा खर्च. त्याला मी हात जोडले. आणि तिसरं ते ॲप. ते मी रागाच्या भरात, बाभळीखाली बसून, एका अंगठ्यानं उतरवून घेतलं. त्यानं विचारलं, तुमच्या फोनमधली नावं बघू का? मला वाटलं, बघेना बापडं, त्यात लपवण्यासारखं काय आहे. नमुन्याला म्हणून तीन हजार मागितले, खात्यात अठराशे आले, आणि आठव्या दिवशी म्हणे पाच हजार भर. नाही म्हटलं तर माझा फोटो फोनमधल्या सगळ्या नावांना. वैद्याला, सरपंचाला, ट्रॅक्टरच्या मेकॅनिकला, लेकीच्या शाळेतल्या बाईंना! सायबरवाल्यांकडे तक्रार दिली, एक पैसा जास्तीचा भरला नाही, पण अब्रू काय तक्रारीनं परत येते? गावातले भगवानराव भेटायला आले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "फोटो चांगला आलाय पण."

आता मला जी कल्पना सुचली ती ऐका, आणि हसायचं असेल तर गुडघ्याला त्रास होणार नाही इतपत हसा. मी विचार केला, आपल्या लोकांत बिनव्याजी, बिनकागदाचं, कुणाला कमी न लेखणारं असं एकच कर्ज आहे, ते म्हणजे आहेर. गेली पंचवीस वर्षं मी या पंचक्रोशीतलं एक लग्न चुकवलं नाही, एक बारसं सोडलं नाही. जिथं गेलो तिथं आहेर केला. म्हणजे माझी ठेव घरोघर पडून आहे. घरात एक कार्य काढलं की ठेव चालत घरी येईल. लेक अजून शाळेत, त्यामुळे लग्न नाही. मग कार्य कसलं? तर शेडची वास्तुशांती! पत्र्याचं का असेना, वास्तू ती वास्तू. राजेश्री म्हणाली, "आत मशीन न्हाई, काई न्हाई, लोक काय म्हणतील?" मी ऐकलं नाही. पत्रिका छापल्या. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ छापणाऱ्यानं आपणहून घातली होती, ती मी मुद्दाम काढायला लावली. यावरून लोकांनी काय ते समजावं, असा माझा हिशेब. भाव येईल म्हणून ठेवलेलं सोयाबीन पडेल त्या भावानं विकलं, मंडप घातला, बुंदी काढली, वरण-भात-वांगं केलं. गुरुजींना शेडमध्ये चौघांच्या वर माणसं बसवता येईनात, तेव्हा यजमान म्हणून मी निम्मा उन्हातच बसलो होतो.

लोक लोटले. मला भरून आलं. एकेक जण पुढं यायचा, कुंकू लावायचा, आणि माझ्या खांद्यावर टॉवेल टाकून डोक्यावर टोपी ठेवायचा. दुसरा यायचा, टॉवेल, टोपी. तिसरा यायचा, टॉवेल, टोपी. एक टोपी काढून दुसरी ठेवायला सवड मिळेना, टोपीवर टोपी चढत गेली. मी वाट बघतोय, पाकिटं आता येतील, मग येतील. पाकिटं आली, नाही असं नाही, पण त्यात एकावन्न नाहीतर एकशे एक, ते मंडपवाल्यालाच पुरले नाहीत. संध्याकाळी शेड टॉवेलांनी छातीपर्यंत भरलं होतं. मशीनला जागा उरली नव्हती. मी म्हणालो, असे कसे हे लोक! तेव्हा आई म्हणाली, "आरं, तू त्यायला काय दिलतंस? टावेल-टोपीच का न्हाई? मंग त्यायनं रुपया ठिवला न्हाई की, फेडलं सारं." साडूभाऊ, त्या धक्क्यातून मी अजून उठलेलो नाही. फेडलं म्हणे! आणि तेही बिनव्याजी!

आता मनात ठेवायचं नाही म्हणून लिहितो. तुम्हाला गुडघ्यामुळं येता आलं नाही, तुम्ही गाववाल्याच्या हाती आहेर पाठवला. तो पुडा हातात घेताच मी ओळखला. निळ्या काठाचा टॉवेल, वर टोपी, आणि पिशवीच्या कोपऱ्याला उदबत्तीनं पडलेलं भोक. ते भोक आमच्या देवघरात पडलंय. म्हणजे तुमच्या थोरल्याच्या लग्नात मी दिलेला पुडा तुम्ही न फोडता मलाच पाठवलात! तुमचा हात जरा आखडता आहे हे सासरी सगळेच बोलतात, पण मी कधी मनावर घेतलं नव्हतं. तो पुडा मी न उघडताच फळीवर फेकला. वर आक्का राजेश्रीला फोन करून विचारतात, टॉवेल वापरायला काढला का? पुन्हा दोन दिवसांनी, काढला का? पुन्हा, अंग पुसून बघितलं का? जखमेवर मीठ चोळायलाही काही सुमार असतो.

शेवटी राजेश्रीच मला तिच्या बचत गटात घेऊन गेली. म्हणाली, "व्याज शेकड्याला म्हैन्याला रुपया, अन् ते बी गटातच राहतंय. पण नवऱ्याला बैठकीत बसावं लागतंय." मारुतीच्या देवळात वीस बाया गोल बसलेल्या, मध्ये मी. अध्यक्ष कोण, तर पिंकी, भगवानरावांची सून, जिच्या लग्नात मी (अर्थातच) टॉवेल दिला होता. तिनं विचारलं, "काका, तंबाखूला म्हैन्याला किती जातंय?" मी हबकलो. ॲपनं असं विचारलं नव्हतं. बँकेनं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, शंभर. वीस बाया एकदम हसल्या. आणि कोपऱ्यातून एक हात वर झाला, तो माझ्या आईचा! ती आठ वर्षांपासून गटात आहे हे मला त्या दिवशी कळलं. भर बैठकीत जन्मदाती म्हणते, "कर्ज माझ्या सुनेला द्या. पर पैसा ह्याच्या हातात देऊ नगा, ह्यो वास्तुशांती घालंल." ठराव एकमतानं पास झाला. राजेश्रीला तीस हजार मंजूर झाले, सरळ हप्ता, उरलेल्या रकमेवरच व्याज, एक पैसा कापला नाही. एवढा रास्त व्यवहार माझ्या घरात, माझ्या भाकरीच्या टोपल्याशेजारी चालत होता, आणि मी बाभळीखाली अंगठा घासत होतो.

असो. फार लिहिलं. गुडघ्याला जपा. थंड पाण्यानं आंघोळ करू नका. लहानांना आशीर्वाद.

तुमचाच,
महारुद्र

ता.क. एवढ्यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलं. तिसात दहा हजार कमी पडतात, आणि अक्षय तृतीया चार दिवसांवर आली. राजेश्रीनं माझ्याकडं एकदाही मागितलेले नाहीत, हेच मला जास्त लागतं. तुमच्याकडून दहा मिळाले तर दिवाळीपर्यंत परत करीन. व्याज म्हणाल ते देईन, फक्त फ्लॅट नको. राजेश्रीला कळू देऊ नका. आणि कृपा करून, पाठवाल ते टॉवेलात गुंडाळून पाठवू नका.

ता.क. दुसरा. सकाळी पत्र टाकायला निघालो, तर न्हाणीतून आईची आरोळी आली. मला वाटलं साप. धावत गेलो तर तिच्या हातात तुमचा निळ्या काठाचा टॉवेल, आणि ओल्या फरशीवर पाचशेच्या नोटाच नोटा. पंधरा हजार! मी तिथंच खाली बसलो. राजेश्रीनं आक्कांना फोन लावला, तर आक्का म्हणाल्या, "तीनदा इचारलं गं तुला, टावेल काढला का म्हणून! हे म्हणले, चारचौघांत रोख दिलं तर साडूला लाजल्यावानी हुईल, टावेलात घालून देऊ, निवांत फेडतील." साडूभाऊ, मला रडू आलं. लपवून काय करायचं, आईसमोर, राजेश्रीसमोर, ओल्या फरशीवर बसून रडलो. राजेश्री नोटा वाळवून, इस्त्री करून, आत्ता परभणीच्या गाडीत बसली. मी हात हलवला तेव्हा ती खिडकीतून हसली, आणि पुष्कळ दिवसांनी हसली.

ता.क. तिसरा. पत्र फाडणारच होतो, पण तिकीट लावून झालं होतं. तेव्हा वरचं काही वाचू नका, विशेषतः तो 'आखडता हात'. आई आता बाकीचे सगळे पुडे एकेक करून फोडत बसली आहे, अजून तरी नुसते टॉवेलच निघालेत. जाताना राजेश्रीनं मला एकच विचारलं, की तुमच्या थोरल्याच्या लग्नात हा पुडा आपण दिला, तेव्हा टॉवेलाच्या घडीत आपण काय घातलं होतं. मी म्हणालो, वर टोपी होती की.